गायरानाच्या गाण्याची सुई

तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या बापाच्या गळ्यावर कुणी लोखंडी खुर्ची हाणली, आणि तो खाली पडल्यावर त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, ‘‘आता गा की,’’ तर तुम्ही काय कराल? घाईनं उत्तर देऊ नका. मी या प्रश्नाचं उत्तर पत्रकांतून कितीदा तरी लिहिलं होतं. हिंसेला आमचं उत्तर संघटन, वगैरे. आजही मी तेच लिहीन. पण त्या दिवशी माझ्या हाताला दगड लागला, मी तो फेकला, समोरच्याचं कपाळ फुटलं, आणि मी दुसरा दगड शोधू लागले.

आमचं घराणं मेंढपाळांचं. आजोबांची मेंढरं दौलताबादच्या किल्ल्याखालच्या गायरानात चरायची. बापू, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या कंपनीत लागले आणि आम्ही उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत राहायला आलो. पुढची खोली चळवळीची, मागची आमची. पुढच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे असायचे. गुलाबी, पिवळे, हिरवे. मी अक्षरं शिकले ती त्या गठ्ठ्यांवर बसून. ‘जाहीर’ हा शब्द मला ‘आई’च्या आधी लिहिता यायचा, असं माझी माय अजून सगळ्यांना सांगते आणि वर म्हणते, ‘‘आईला इथं कोन इचारतंय?’’

बापू तरुण असताना त्यांचं एक कलापथक होतं. त्या पथकानं एकदाच, पदरमोड करून, एक छोटी तबकडी काढली. एका बाजूला लोकर कातरण्याचं गाणं, दुसऱ्या बाजूला गायरानाचं. गायरानाचं गाणं सगळे मिळून सुरू करतात आणि मध्यावर डफ थांबतो. तिथं बापूंची हाळी येते, रानात पांगलेल्या मेंढरांना घालतात तशी, आणि मग ते एकटे गातात:

वाघूर लावली रातीला जिथं
तारेचं कुंपण पहाटंला तिथं

वाघूर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायची जाळी. मी ते कडवं किती वेळा ऐकलं असेल ते मोजायचं झालं तर माझं वयच सांगावं लागेल. पथक पुढं पांगलं. कुणी गेले, कुणी थकले. बापूंनी मात्र एक रीत ठेवली. आमच्या सभेत हार नाही, नारळ नाही, स्वागताचं भाषण नाही. टेबलावर रेकॉर्ड प्लेअर, त्याला जोडलेला मामाचा भोंगा, आणि आधी गाणं. कडवं संपलं की बापू सुई उचलायचे आणि म्हणायचे, ‘‘ह्यो पोरगा काय म्हनला ते ऐकलं? आता खरं का खोटं ते तुमी बोला.’’ तो पोरगा म्हणजे ते स्वतःच. लोक हसायचे आणि सभा सुरू व्हायची.

दौलताबादच्या त्याच गायरानाला एका जमिनीच्या व्यापाऱ्यानं कुंपण घातलं. सिमेंटचे खांब, काटेरी तार, आत एक खोली आणि कुत्रा. मेंढरं घेऊन येणाऱ्या बायांवर त्यानं कुत्रा सोडला, म्हणून आम्ही कुंपणाबाहेरच सभा घेतली. गाणं सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तेवढ्यात मोटारसायकली आल्या. तोंडाला रुमाल बांधलेली पोरं उतरली.

‘‘ए म्हाताऱ्या, कुनाला इचारून लावलं रं हे?’’

‘‘गायरानाला,’’ बापू म्हणाले. ‘‘त्याचंच गानं हाय.’’

एकानं टेबलाला लाथ घातली. प्लेअर दगडावर आपटला, झाकण तुटलं, सुईचा दांडा वाकला. तबकडी निसटून घरंगळत बायांच्या घोळक्यात गेली. एका म्हाताऱ्या मेंढपाळ बाईनं ती पदराखाली घेतली आणि तिच्यावर पालथी पडली. तिच्या पाठीत लाथा बसत होत्या आणि ती शिव्या देत होती. अशा शिव्या मी कुठल्याही पत्रकात छापू शकणार नाही. तबकडीला ओरखडा आला नाही. बापू प्लेअर उचलायला वाकले आणि तेव्हा ती खुर्ची आली.

गळ्यावर मार बसतो तेव्हा माणूस ओरडत नाही. ओरडायला जे लागतं तेच फुटलेलं असतं. बापू गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी गळा धरला, आणि तोंडातून फेस आणि रक्त आलं. ते खाली कोसळले तेव्हा खुर्ची हाणणारा वाकला आणि बोलला ते शब्द मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलेत.

सरकारी दवाखान्यात गळ्याला भोक पाडून नळी घातली. डॉक्टर म्हणाल्या, आवाजपेटी चेचली गेलीय, जीव वाचला हेच खूप समजा. नळी निघाली, भोक बुजलं, पण बापूंच्या तोंडून आवाज आला नाही. सायकलच्या चाकातून हवा जाते तसा नुसता फुसकारा. त्यांना पाटी दिली, मोबाइल दिला, लिहून दाखवा म्हणालो. त्यांनी काही लिहिलं नाही. घरी आले ते भिंतीकडं तोंड करून बसले. जेवण पुढं आलं तर जेवायचे, नाही आलं तर नाही. कोपऱ्यात तो मोडका प्लेअर. माय म्हणाली, ‘‘घरात दोन मुके झाले. एकाला तरी बोलतं कर, बाई.’’

तुम्ही म्हणाल, आजच्या दिवसांत माणसाचा आवाज जातो कसा, मोबाइल कशाला असतात? आहेत की. सभांचे व्हिडिओ आहेत, त्यांत भोंग्यातून फाटलेला आवाज, वर गाड्यांचे हॉर्न आणि लोकांचा गलका. घरी ते साध्या बटणाच्या फोनवर बोलायचे, तेही ‘‘व्हय, येतो’’ इतकंच. बापूंचा स्वच्छ, एकट्याचा, पुरा आवाज जगात एका ठिकाणी होता, त्या कडव्यात. तबकडी घरात आहे म्हणून तो उतरवून ठेवावा असं कुणाच्या मनात आलं नाही. मला तो आता उतरवून घ्यायचा होता आणि बापूंना ऐकवायचा होता. त्यासाठी प्लेअर दुरुस्त व्हायला हवा होता.

दांडा मी घरीच सरळ केला. चिमट्यात धरून वाकवताना मी धातूला काय काय म्हणत होते ते मायनं ऐकलं आणि दार लावून घेतलं. पण सुई ज्यात बसते ते कार्ट्रिज, नखाएवढा तो ठोकळा, चिरला होता. ते घेऊन मी औरंगपुऱ्यात गेले. भांड्यांच्या आणि चपलांच्या दुकानांमधल्या बोळात एक टीव्ही-रेडिओवाला आहे. जुन्या मशीनचा नाद असलेला, बडबड्या आणि खवट माणूस. त्यानं कार्ट्रिज उजेडात धरलं.

‘‘किसने मारी लात इसको?’’

‘‘माणसानं.’’

‘‘मेरे को लगा बैल ने. बैल में इत्ता जोर नै रहता.’’ त्यानं तो ठोकळा बरणीत टाकला. ‘‘ये क्रिस्टलवाला था बेटा. अब नै बनता. नया डालना पड़ता.’’

जुन्यात एक खडा असायचा. सुई थरथरली की तो दाबला जायचा आणि चांगला दणदणीत आवाज निघायचा. नव्यात चुंबक असतं. ते नाजूक काम, तबकडीला जपणारं, पण त्यातून निघणारी वीज अगदी बारीक. तिला वाढवणारी एक डबी मध्ये जोडावी लागते. नवं कार्ट्रिज त्याच्याकडं होतं. डबी पुण्याहून मागवावी लागणार होती.

‘‘डब्बी आये तक बजाना नक्को,’’ तो म्हणाला. ‘‘मच्छर जैसी आवाज आयेगी.’’

‘‘नाही वाजवणार.’’

‘‘सब ऐसाच बोलते, बेटा. सब पढ़े-लिखे ऐसाच बोलते.’’

‘‘तुम्ही दुकानदार आहात की ज्योतिषी?’’

‘‘दोनों में पेट नै भरता,’’ तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकावर खेकसला.

घरी येऊन मी कार्ट्रिज बसवलं. मागं चार पिना. लाल, पांढरी, हिरवी, निळी वायर ज्या त्या पिनेला. दोन बारीक स्क्रू. दांड्याच्या मागची स्प्रिंग सैल केली, कारण नव्या सुईला जुन्याइतका भार चालत नाही. सुई मी बोटावर टेकवून पाहिली तर कातडीच्या रेषाही तिला जाणवत होत्या. इतकी हलकी वस्तू मी पहिल्यांदाच हातात धरली होती. माझ्या डोक्यात तेव्हा खुर्ची, लाथ, रुमाल एवढंच चालू असायचं. रस्त्यात कुणाच्या तोंडाला रुमाल दिसला की माझी मूठ वळायची, मग त्या बिचाऱ्यानं तो धुळीसाठी का बांधलेला असेना. त्या सुईसमोर मात्र हात आपोआप शांत झाला.

बापूंनी पहिल्यांदा भिंतीकडची मान वळवून बघितलं. मी सांगितलं, ‘‘डबी आली की तुम्हाला ऐकवते.’’ त्यांनी मान डोलावली. मायला आणि मामाला मी बजावलं, वाजवायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी मारहाणीचा जबाब द्यायला गेले.

मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ. आयुष्यभर मंडप आणि भोंग्याचा धंदा. लग्नं, जत्रा, उरूस, सगळीकडं त्याची मशीन. फळ्यांच्या स्टेजवर वऱ्हाड नाचायला लागलं की सुई उड्या मारते, म्हणून भोंगेवाले सुईच्या डोक्यावर नाणं ठेवून वरून चिकटपट्टी लावायचे. आमच्या भागात हे सगळेच करायचे. नाण्याशिवायचा प्लेअर म्हणजे खिळा न मारलेली नाल, असं मामा म्हणायचा. त्याची शिकवण एका ओळीची होती: वजन दिलं की सुई बोलती.

त्या दुपारी तो आला तेव्हा बापू पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसले होते. मामाला ते बघवेना.

‘‘दाजी, तुमचा आवाज ऐकायचा का? ती भाची काय, डबी-बिबी म्हनती. आमी काय डब्या लावून जत्रा केल्या का?’’

त्यानं तबकडी ठेवली. पहिले कोरस वगैरे त्याला नकोच होते. बापूंचा आवाज कुठं सुरू होतो ते त्याला नजरेनंच कळायचं; ज्या रेघांवर जास्त वेळा सुई फिरलेली असते तिथं तबकडी किंचित भुरकट दिसते. त्यानं सुई नेमकी तिथं टेकवली. दुकानदार म्हणाला होता तसा डासाएवढा आवाज आला. मामानं बटण पूर्ण फिरवलं. तरी डासच. मग त्यानं खिशातून नाणं काढलं. मग दुसरं. मग हत्यारांच्या पिशवीतला एक नट. दर वेळी सुई उचलून पुन्हा त्याच जागी, कारण त्याला दाजींना तेवढंच ऐकवायचं होतं.

सुईची बारीक काडी केव्हाच मोडली होती. आता उरलेलं टोक, वर तो सगळा भार घेऊन, तबकडी नांगरत होतं. बापू समोर बसले होते. त्यांना दिसत होतं. टोकापुढून काळा भुगा निघत होता, लोकर कातरताना निघते तशी कुरळी तार निघत होती. त्यांनी ‘थांब’ म्हटलं. म्हणजे तोंड उघडलं आणि हवा सोडली. मामाला वाटलं, दाजींना भरून आलंय. तो म्हणाला, ‘‘रडा, रडा. मोकळं व्हा.’’ आणि त्यानं सुई आणखी एकदा उचलून त्याच जागी ठेवली.

बापूंनी हातातला पितळेचा तांब्या फेकला.

मी आले तेव्हा मामा खाली बसला होता. भुवईवरून रक्त ओघळून मिशीत गेलं होतं. बापू तबकडी छातीशी धरून उभे होते. मायच्या हातात ओला फडका. मी प्लेअर पाहिला, नाणी पाहिली, जमिनीवरची काळी कुरळी तार पाहिली. मी मामाची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. माझ्यापेक्षा दुप्पट अंगाचा माणूस, त्यानं हात वर केला नाही.

‘‘त्यांनी गळा फोडला! उरलेलं तू फोडलंस! तुझ्यात आणि त्यांच्यात काय फरक, मामा?’’

‘‘नाय फरक,’’ तो म्हणाला. ‘‘मार. अजून मार.’’

मी मारलं. हाताला त्याचं रक्त लागलं. मग तो मागच्या खोलीत गेला, पाट्यापाशी बसला, उजवा हात पाट्यावर पसरला आणि डाव्या हातानं वरवंटा उचलला. मायनं झडप घालून तो हिसकावला आणि त्यालाच एक कानाखाली वाजवली.

‘‘लुळा व्हतो का आता? एक मुका, एक लुळा, अन ही एक पिसाळलेली! सगळ्यांचं मीच करू का? ऊठ, तोंड धू!’’

डबी आली. नवी सुई मिळाली. कार्ट्रिज वाचलं होतं, सुईच तेवढी बदलायची होती. मी सगळं जोडलं आणि तबकडी पहिल्यापासून लावली. मामा दाराबाहेर उभा राहिला, आत यायला तयार नव्हता. कोरस आला तो असा स्वच्छ की आजवर कधी न ऐकलेलं एका बाईचं हसू त्यात मागं ऐकू आलं. बापूंनी छातीवर बोट ठेवून मायकडं दाखवलं. ते हसू तिचं होतं; तबकडी काढताना ती तिथंच होती. माय पदर तोंडात धरून बसली. मग डफ थांबला. हाळीचा पहिला श्वास आला, रानात लांबवर जाणारा, आणि नंतर खडी चिरडल्यासारखी घरघर. सुई जागेवरच उड्या मारू लागली. मी हात पुढं करायच्या आत बापूंनीच दांडा उचलला. अगदी हळू. पुन्हा ते भिंतीकडं वळले नाहीत. त्यांनी चपला घातल्या.

पुढच्या सभेला आम्ही त्याच जागी गेलो. मोटारसायकली रस्त्यावर आधीच उभ्या होत्या. टेबल होतं, भोंगा होता, प्लेअर नव्हता. लोक गाण्याची वाट बघत बसले. बापू टेबलापाशी उभे राहिले, तोंड उघडलं, आणि भोंग्यातून तो फुसकारा गायरानभर पसरला. रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, ‘‘गॅस गळतोय रं म्हाताऱ्याचा!’’ हसू आलं तिकडून.

पाठीवर लाथा खाल्लेली ती म्हातारी उठली. तिनं कुंपणाच्या खांबाला काठी घातली. बाया उठल्या. कुणी गाणं सुरू केलं, पण कडव्याशी येऊन सगळ्या अडखळल्या, कारण तिथं नेहमी बापूच असायचे आणि बाकीचे ऐकायचे. जिला जे आठवलं ते ती म्हणाली. चाल मोडली, शब्द चुकले, आणि तार ओढणारे हात थांबले नाहीत. खांब हलला, पडला. रुमालवाले धावून आले. या वेळी ते थोडे आणि आम्ही पुष्कळ होतो. मी काठीनं एकाच्या गुडघ्यावर मारलं, माझ्या मनगटाला तारेनं चीर पडली. मामानं दोघांना अंगावर घेतलं; तो मारत नव्हता, नुसता धरून ठेवत होता. ते पळाले. उद्या ते जास्त होऊन येतील हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्यावर गुन्हा दाखल झालाय, तोही खोटा नाही.

पांगापांग झाल्यावर बापूंनी लोकांना थांबवलं. एक बोट हवेत गोल गोल फिरवलं, मग सगळ्यांकडं हात करून विचारल्यासारखी मान उडवली. मला कळलं, मी मोठ्यानं विचारलं: ही तबकडी अजून कुणाकडं आहे? कन्नड तालुक्याकडून आलेला एक म्हातारा म्हणाला, ‘‘आमच्या मेव्हन्यानं जत्रंत घेतली व्हती. पेटीत आसंल, नायतर पोरांनी कपाट आवरताना टाकली आसंल.’’ बापूंनी त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

म्हणून हे लिहिते आहे. पथकानं ती तबकडी मराठवाड्यातल्या जत्रांत, सभांत, मोर्च्यांत विकली. म्हणजे ती कुठंतरी आहे. आज घरातली पत्र्याची पेटी उघडा. माळ्यावर चढा. बाद झालेल्या प्लेअरच्या पोटात बघा, आजोबांच्या कपड्यांखाली बघा. छोटी तबकडी, पिवळं कव्हर, त्यावर काठी आणि डफ छापलेले, एका बाजूला लोकरीचं गाणं, दुसऱ्या बाजूला गायरानाचं. सापडली तर वाजवू नका. घरातल्या मशीनवर एकदाच, जरासंच, म्हणूनही नाही. धूळ पुसू नका. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घाला आणि दौलताबादकडं येणाऱ्या माणसाच्या हाती द्या. त्याला सांगा, पिशवीत उभी ठेव, वर काही ठेवू नकोस, आणि किल्ल्याखाली जिथं कुंपण पाडलंय तिथं विचार. आम्ही तिथंच असू. उद्या नाही, आजच बघा.